गिऱ्हाइकाच्या वेषातील परीक्षक



दूध-पाव विकत आणण्याबद्दल कोणी आपणांस मजुरी देईल असे सांगितले, तर आपल्या गावची माणसे त्या सांगणाऱ्याकडे संशयानेच पाहतील. परंतु अमेरिकेत व इतर काही देशांत अशी मजुरी खरोखरच मिळते. बेळगाव-खानापूरकडील आणि गोव्यातील पुष्कळ घरांतील मुले-मुली आज शिक्षणासाठी अथवा पोटापाण्यासाठी परदेशी आहेत. या उद्योगाचे नाव त्यांच्या कानांवर केव्हा ना केव्हा पडते, आणि त्यांच्याकडून ते घरच्या बोलण्यातही येते. इंग्रजीत त्या कामकऱ्यास ‘मिस्टरी शॉपर’ म्हणतात. आपण त्यास ‘गुप्त ग्राहक’ म्हणू. हा उद्योग का निघाला, तो कसा चालतो, आणि तो करणाऱ्याच्या शिरावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार या आठवड्यात करावयाचे आम्ही योजिले आहे.

आपल्या खेड्यातील वाण्याचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असतो. तागडी त्याच्या हाती आणि उधारीची वही त्याच्या उशाशी. डाळीत खडे निघाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक ते त्यास तोंडावर सांगते. आपल्या दुकानाची खबर काढण्यासाठी त्याला कोणास नेमावे लागत नाही. अडचण उत्पन्न होते ती मालक दुकानातून उठून गेल्यावर.

ओहायो प्रांतातील डेटन येथे जेम्स रिटी नावाचा एक मद्यगृहाचा मालक होता. नोकर विक्रीचे पैसे परस्पर खिशात घालतात, या विवंचनेतून त्याने विक्रीची नोंद करणारे यंत्र तयार केले आणि १८७९ साली त्याचे पेटंट मिळविले. आज दुकानोदुकानी दिसणाऱ्या गल्ल्याच्या यंत्राचा तो पूर्वज. पुढे सप्टेंबर १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे किराणा दुकान उघडले. तोवर तिकडेही आपल्यासारखीच रीत होती : गिऱ्हाइकाने मागावे आणि नोकराने फळीवरून काढून द्यावे. सॉन्डर्सने गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली, त्यास मांडण्यांमधून मोकळे फिरू दिले आणि पैसे घेण्याची जागा दाराशी ठेवली. ही रीत लोकांस आवडली व तिचे अनुकरण झाले. एकेका कंपनीची शेकडो दुकाने निघाली आणि मालकाची कचेरी दुकानापासून शेकडो मैल दूर गेली.

गल्ल्यातील यंत्र त्या दूरच्या कचेरीस पै-पैचा हिशेब कळविते. परंतु दुधाचे पुडे मुदत उलटूनही फळीवर राहिले होते काय, किंवा एखादी म्हातारी साखर कोठे आहे म्हणून विचारीत असता कोणी तिच्याकडे लक्ष दिले काय, हे यंत्रास सांगता येत नाही. त्याकरिता माणसाचेच डोळे लागतात. म्हणून मालक परक्याचे डोळे तासाभरासाठी भाड्याने घेतो. अमेरिकेत १९४० च्या दशकात या कामास ‘मिस्टरी शॉपिंग’ हे नाव रूढ झाले. आरंभी नोकरांचा प्रामाणिकपणा तपासणे हाच त्याचा मुख्य हेतू होता. पुढे दुकानाची स्वच्छता, मालाचा ताजेपणा आणि नोकरांची वागणूक यांचीही त्यात भर पडली.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. दुकानाची कंपनी सहसा हे काम स्वतः करीत नाही. ती ते दुसऱ्या एका परीक्षण-संस्थेवर सोपविते. काम करू इच्छिणारा मनुष्य त्या संस्थेकडे आपले नाव नोंदवितो. अमुक दुकान, अमुक दिवस, अमुक वेळेच्या आत, असे काम त्यास मिळते. सोबत सूचनांचा एक भलामोठा कागद असतो आणि जाण्यापूर्वी तो जवळजवळ पाठच करावा लागतो. कारण दुकानात तो हाती धरून हिंडण्याची सोय नसते.

वाहने उभी करण्याच्या जागेपासूनच परीक्षा सुरू होते. सामानाच्या ढकलगाड्या इतस्ततः पडल्या आहेत काय? दाराजवळची फरशी ओली आहे काय? भाज्या कोमेजलेल्या, फळे डागाळलेली आहेत काय? फळीवर लिहिलेली किंमत आणि गल्ल्यावर लागलेली किंमत एकच आहे ना? मांसाच्या काउंटरपाशी किती वेळ उभे राहावे लागले? कापणाऱ्याने हातमोजे घातले होते काय? वजन करताना रिकाम्या डब्याचे वजन वगळले काय, म्हणजेच आपल्याकडे ज्यास धडा करणे म्हणतात तो केला काय? पुढे एखाद्या नोकरास मुद्दाम प्रश्न विचारावयाचा असतो. त्याने नुसते बोट दाखविले की सोबत येऊन वस्तू दाखविली, याची नोंद होते. शेवटी गल्ल्यावरील रांगेत पुढे किती माणसे होती, आपला नंबर किती मिनिटांनी आला, तेथील मुलीने अभिवादन केले काय आणि जाताना आभार मानले काय, हेही लिहावयाचे असते. पुष्कळदा शौचगृहाची स्वच्छतादेखील पाहावी लागते.

हे सर्व ध्यानात ठेवावयाचे आणि कोणास संशय येऊ द्यावयाचा नाही. नोकराच्या छातीवरील बिल्ल्यावरून त्याचे नाव टिपावे लागते. बिल्ला नसेल तर उंची, केस, चष्मा असे वर्णन द्यावे लागते. कोणी शौचगृहात जाऊन टिपणे करतो, तर कोणी मोबाइलवर सामानाची यादी पाहण्याचे निमित्त करून वेळा लिहून ठेवतो. घरी परतल्यावर पावतीच्या छायाचित्रासह अहवाल बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवावा लागतो. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्याने भागत नाही. काय घडले ते वाक्यांत लिहावे लागते, आणि संस्थेचा तपासनीस उलट प्रश्न विचारतो. जेथे आपण किंवा आपले आप्त नोकरीस आहेत तेथे जाता येत नाही, आणि त्याच दुकानात लागोपाठ जाण्यासही बहुधा मनाई असते. एकंदरीत, दूध-पाव आणण्याची ही मजुरी ऐकावयास वाटते तितकी सोपी नाही.

मिळकतीचा हिशेबही उघड्या डोळ्यांनी करावा. किराणा दुकानाच्या एका फेरीचे सामान्यतः दहा-वीस डॉलर मिळतात आणि विकत घेतलेल्या वस्तूची किंमत ठरलेल्या मर्यादेपर्यंत परत मिळते. समजा, १५ डॉलर ठरले. जाण्यायेण्यास ५० मिनिटे, दुकानात ४५ मिनिटे आणि अहवाल लिहिण्यास एक तास लागला; म्हणजे दोन तास ३५ मिनिटे झाली. तासास सहा डॉलरही पडले नाहीत, आणि मोटारीचे तेल वेगळेच. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने ठरविलेले किमान वेतन २००९ पासून तासास ७ डॉलर २५ सेंट आहे; कित्येक राज्यांत ते याहून अधिक आहे. परंतु गुप्त ग्राहक हा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटी कामकरी समजला जात असल्याने हे संरक्षण त्यास लाभत नाही. पैसेही कित्येक आठवड्यांनी येतात. घरी बसलेल्या गृहिणीस किंवा निवृत्त मनुष्यास वरखर्चापुरती ही मिळकत ठीक; तिच्यावर संसार उभा राहणार नाही.

आणखी एक गोष्ट, मुलांस तिकडे शिकावयास धाडणाऱ्या आईबापांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. विद्यार्थी म्हणून व्हिसा घेऊन अमेरिकेस गेलेल्यास विद्यापीठाच्या आवाराबाहेर रीतसर परवानगीवाचून मोबदल्याचे काम करता येत नाही, मग ते काम कितीही किरकोळ असो. पंधरा डॉलरांसाठी तिकडचा सारा शिक्षणक्रम धोक्यात घालणे हा शहाणपणा नव्हे.

येथवर झाला तो व्यवहार. आता आमच्या मनास जे अधिक महत्त्वाचे वाटते त्याकडे वळू. अहवालात ज्या मुलीचे नाव लिहिले जाते, तिचे काय?

ती सकाळपासून उभी असते. घरी तिचे मूल तापाने फणफणत असेल. मागच्याच गिऱ्हाइकाने तिला चार शब्द सुनावलेले असतील. इतक्यात एक अनोळखी गिऱ्हाईक येते, पाव घेते आणि निघून जाते. चार दिवसांनी तिचा वरिष्ठ तिला बोलावून सांगतो की, अमुक दिवशी अमुक वेळी तू हसली नाहीस. तिला ते गिऱ्हाईक आठवत नाही आणि आपली बाजू मांडावयास समोर कोणी नसते. साक्षीदार न दिसता साक्ष झालेली असते.

हे केवळ कल्पनेतील दुःख नव्हे. अमेरिकेतील ‘सेफवे’ या मोठ्या किराणा कंपनीने १९९० च्या दशकात असा दंडक घातला होता की, नोकराने गिऱ्हाइकाच्या नजरेस नजर देऊन स्मित करावे आणि शक्य तेव्हा त्याच्या नावाने त्याचे आभार मानावे. हा दंडक पाळला जातो की नाही, हे पाहून गुण देण्याचे काम गुप्त ग्राहकांकडे होते आणि कमी गुण पडणाऱ्यास पुन्हा शिकवणीस पाठवीत. १९९८ साली कॅलिफोर्नियातील काही कर्मचाऱ्यांनी, आणि त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या, तक्रार केली की, या सक्तीच्या हास्याचा काही पुरुष गिऱ्हाइके भलताच अर्थ घेतात आणि आम्हांस त्रास देतात. तो त्रास आपल्या दंडकामुळे होतो, हे कंपनीने मानले नाही. परंतु विचार करावा : नको त्या माणसाकडे पाहून हसावे, तर त्रास, न हसावे, आणि समोरचा मनुष्य गुप्त ग्राहक निघावा, तर गुण गेले. त्या बाईने करावे तरी काय?

यावरून हा उद्योगच पापाचा आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्यापासून खरे हितही होते. तिकडे लहान वयाच्या मुलांस तंबाखू विकण्यास बंदी आहे, आणि दुकानदार ती पाळतात की नाही हे पाहण्यासाठी सरकारी अधिकारी आपल्या देखरेखीखाली अल्पवयीन मुलास दुकानात सिगारेट मागावयास पाठवितात. १९९२ च्या एका कायद्याने अशा अचानक तपासण्या सर्व राज्यांवर बंधनकारक केल्या. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि लहान मुले यांस पोषक अन्न पुरविणारी ‘विक’ नावाची सरकारी योजना तेथे आहे. तिचा लाभ देणाऱ्या किराणा दुकानांतही तपासनीस लाभार्थ्याच्या रूपाने जातात आणि गरिबाच्या हक्काच्या शिध्यावर कोणी हात मारीत नाही ना, ते पाहतात. उघडपणे बिल्ला लावून गेल्यास दुकान त्या दिवसापुरते साधुसंतांचे होईल, हे सांगावयास नको.

मग खोट्या रूपाने जाणे हे असत्य नव्हे काय, अशी शंका विचारी वाचकांच्या मनात येईल. या शंकेचा कीस अमेरिकेच्या न्यायालयांनीही काढला आहे. १९९२ मध्ये ‘एबीसी’ या दूरचित्रवाणी कंपनीच्या दोन वार्ताहर स्त्रियांनी अर्जात खोटी माहिती भरून ‘फूड लायन’ या किराणा कंपनीच्या दुकानांत नोकरी धरली, लपविलेल्या कॅमेऱ्यांनी चित्रण केले, आणि जुने मांस पुन्हा बांधून विकले जाते असा आरोप करणारा कार्यक्रम त्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसारित झाला. कंपनीने आरोप नाकारले. परंतु तिने दावा लावला तो बदनामीचा नव्हे, तर ज्या मार्गाने ती माणसे आत शिरली त्या मार्गाविरुद्ध. १९९७ साली पंचांनी ५५ लाख डॉलरांहून अधिक दंड ठोठावला. न्यायाधीशाने तो ३ लाख १५ हजारांवर आणला. १९९९ साली वरिष्ठ न्यायालयाने बाकी सर्व रद्द करून दोनच डॉलर कायम ठेवले : एक अनधिकाराने प्रवेश केल्याबद्दल आणि एक धन्याशी निष्ठा न राखल्याबद्दल.

दोन डॉलर म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस त्यात अर्थ दिसतो. धन्याची नोकरी धरून त्याच्याविरुद्ध लपूनछपून चित्रण करणे हा दोष तो दोषच, हे न्यायालयाने त्या दोन डॉलरांनी नोंदवून ठेवले. कंपनीने नेमलेल्या गुप्त ग्राहकाची गोष्ट निराळी आहे. तो मालकाच्या संमतीने येतो आणि जे दुकान सर्वांस खुले आहे त्यात गिऱ्हाईक म्हणूनच वावरतो. तो पाव खरोखर विकत घेतो व पैसेही खरोखर मोजतो. आपण कोण आहोत ते तो सांगत नाही, एवढेच. असत्य शिरते ते बहुधा नंतर, अहवाल लिहिताना.

दुकानात न जाताच गेल्याचे दाखविणे हे सरळसरळ खोटे झाले. पण याहून सूक्ष्म खोटेही असते. रांगेत दोन मिनिटे गेली असता कंटाळ्याने पाच लिहिणे. दोष काहीच न आढळल्यास, आपण डोळ्यांत तेल घालून पाहिले हे दिसावे म्हणून एखादा दोष जुळविणे. नोकराचा चेहरा आवडला नाही म्हणून त्याची वागणूक वाईट ठरविणे. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आपण बाळपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. ती केवळ न्यायालयातील साक्षीपुरती नाही. जे पाहिले तेवढेच लिहावे, जे ऐकले तेवढेच लिहावे, जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणून लिहावे, आणि जे चांगले दिसले तेही तितक्याच काळजीने लिहावे. या मुलीने एका अंध गिऱ्हाइकास हात धरून बाहेर पोहोचविले, असे एक खरे वाक्य तिच्या उपयोगी पडू शकते. गुप्त ग्राहकाचे सारे भांडवल म्हणजे त्याचा शब्द. तो खोटा पडला, तर मालक फसतो आणि एका गरिबाची भाकर जाते.

आता सर्वांत निकडीची सूचना. या उद्योगाच्या नावाने फार मोठी फसवणूक चालते आणि अमेरिकेचे फेडरल ट्रेड कमिशन त्याविषयी लोकांस वारंवार सावध करीत आले आहे. तिची रीत अशी : आपली गुप्त ग्राहक म्हणून निवड झाली, असे पत्र अथवा संदेश येतो आणि सोबत हजार-दोन हजार डॉलरांचा चेक असतो. चेक खात्यात भरावा, त्यातून आपली मजुरी ठेवावी, आणि उरलेल्या रकमेची भेटकार्डे एखाद्या दुकानातून विकत घेऊन त्यांवरील आकडे कळवावे, किंवा ती रक्कम अमुक पत्त्यावर धाडावी, असे सांगितले जाते. बँक एक-दोन दिवसांत पैसे खात्यात दाखविते. त्यामुळे मनुष्य निश्चिंत होतो. काही आठवड्यांनी चेक बनावट असल्याचे उघडकीस येते. तोवर भेटकार्डांवरील पैसा भामट्याने उचललेला असतो, आणि बँक ती सारी रक्कम चेक भरणाऱ्याकडून वसूल करते. खूण सोपी आहे. खरी संस्था नाव नोंदविण्याचे पैसे मागत नाही, आगाऊ चेक पाठवीत नाही आणि कोणाकडे पैसे धाडावयास सांगत नाही.

हीच जात आपल्याकडेही मोबाइलवरून फिरत आहे. घरबसल्या लहानसहान कामे करा आणि रोज कमवा, असा संदेश येतो. आरंभी शे-दोनशे रुपये खरोखर मिळतात, आणि मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरावयास सांगतात. मजुरी देणारा मजुराकडून पैसे घेत नाही, एवढे एक सूत्र घरातील थोरामोठ्यांनी मुलांस शिकवून ठेवावे. इतके करूनही कोणी फसलाच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

शेवटी आपल्या गावाविषयी दोन शब्द. येथे गुप्त ग्राहकांची गरज नाही, कारण येथे मालक समोर बसलेला असतो. परंतु समोर असलेल्या दुकानदारास दोष समोर सांगण्याचे धैर्य पुष्कळदा आपल्यापाशी नसते. उधारी असते, ओळख असते, भीड असते. मग आपण दुकानात मुकाट्याने माल घेतो आणि ओट्यावर येऊन त्याची निंदा करतो. पुड्यावर छापलेल्या किमतीहून अधिक पैसे मागण्याचा अधिकार दुकानदारास कायद्याने नाही. मुदत पाहण्याचा, तागडी पाहण्याचा आणि पावती मागण्याचा अधिकार आपणांस आहे. शांतपणे विचारावे. न ऐकल्यास ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे. आणि दुकानातील पोऱ्याने नीट वजन करून, गोड बोलून माल दिला, तर तेही त्याच्या मालकापाशी बोलून दाखवावे. परक्या देशातील मालकास जे ऐकण्यासाठी पैसे मोजावे लागतात, ते आपल्या वाण्यास आपण फुकट आणि तोंडावर सांगू शकतो. मात्र जे सांगावयाचे ते खरे असावे.